अण्णांचं लाकडाचं घर

"दार कुठल्या अंगाला काढायचं तेवढं सांगा अण्णा, बाकीचं घर मी काढतो," असं म्हणून शेषेराव पांचाळानं हातातल्या तुराटीनं काळ्या मातीत एक लांबट चौकोन ओढला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लिंबाच्या बुडाशी उकिडवे बसले होते. 

"दार नगं," ते म्हणाले.

शेषेरावाला ती थट्टा वाटली. "मंग आत जायचं कसं? पत्रा उचलून?"

"जायला जागा ठिवायची. चारी अंगाला ठिवायची. पर दार लावायचं न्हाई."

"आमच्यात त्याला गोठा म्हंतेत अण्णा. आन् गोठ्याला सुदिक रातच्याला ताटी आसती." तो माझ्याकडं वळला. "ताई, तुमी तरी सांगा. मी मारुतीचा रथ केलाय, देशमुखांचा जिना केलाय, पर बिनदाराचं घर काय माज्या बापानं केलं न्हाई आन् त्याच्याबी बापानं केलं न्हाई."

मी बाजेवर बसून हरभऱ्याचा डहाळा सोलत होते. चौथा महिना होता. सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटायचं. "आधी बाकीचं ठरवा की," मी म्हणाले, "दाराचं मागून बघू." मला दारापेक्षा छपराची काळजी होती. अण्णा एकदा घरात झोपायला लागले की त्या घराला दार असो नाहीतर गोणपाटाचा पडदा, माझी काही हरकत नव्हती.

भूकंपाला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. त्या पहाटे आमचं गाव म्हणजे नुसता दगडांचा ढीग झाला. आई गेली, आणि माझा सहा वर्षांचा भाऊ नवनाथ गेला. मी औशाला आत्याकडं शिकायला होते म्हणून उरले. अण्णा शेतात खळ्यावर राखणीला होते म्हणून उरले. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, अण्णांनाही त्यात एक घर मिळालं. त्यांनी त्यात कडबा भरला आणि स्वतःची बाज शेतात लिंबाखाली टाकली. पावसासाठी चार मेढींवर एक पत्रा होता, तेवढंच. भिंत एकाही बाजूला नाही. पहिली दोन-तीन वर्षं गावात पुष्कळ माणसं अशी उघड्यावर झोपायची, त्याचं कुणाला नवल नव्हतं. हळूहळू सगळी आत गेली. आमच्याकडं मात्र कडबा पक्क्या घरात राहायचा आणि अण्णा उघड्यावर.

मी लग्न होऊन लातूरला गेले तरी माझा जीव त्या बाजेपाशी असायचा. थंडी पडली की मला आपलं पांघरूण टोचायचं. आईविना, भावाविना मला एवढं एकच माणूस होतं, आणि ते भिंतीला पाठ लावायला तयार नव्हतं. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "मला हितं बरं वाटतं," एवढं म्हणून ते बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे.

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडची रीत. माझी सासू मनानं वाईट नव्हती, पण तिची जीभ म्हणजे विळीचं पातं. "तुझं माहेर म्हणजे लिंबाचं झाड," ती म्हणाली, "बाळंतिणीला काय फांदीवर ठेवणार हायत का?" मी हे अण्णांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते लातूरला आमच्या दारात उभे राहिले आणि बंडीच्या आतून घडी केलेला एक कागद त्यांनी बाहेर काढला.

किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं पान होतं ते. कुठल्यातरी परदेशात बर्फ पडलेला, आणि बर्फात एक घर. आडव्या ओंडक्यांवर ओंडके रचून केलेल्या भिंती.

"आसं बांधायचं," ते म्हणाले. "दगड नगं, शिमीट नगं, माती नगं. लाकूड पडत न्हाई. दगड पडतो. मी बघितलंय."

मला तर हर्षवायू व्हायचाच बाकी होता. ज्या माणसानं घर हा शब्द इतकी वर्षं तोंडात घेतला नव्हता तो कागद घेऊन आला होता. मी लगेच घोडं दामटलं. "बांधा. पण माझी अट आहे. तुम्ही आत झोपणार असाल तरच मी बाळंतपणाला येणार."

"घर तर हू दे," अण्णा म्हणाले.

मी तो होकार धरला. लेकी अशाच असतात, बापाचा अर्धा शब्द आपल्या मनानं पुरा करून घेतात.

घर ठरलं, पण बांधणार कोण? दगडाचे गवंडी त्या भागात पैशाला पासरी, सिमेंटचे ठेकेदार तर भूकंपानंतर छत्र्यांसारखे उगवलेले. लाकडाचं घर म्हटलं की सगळे आमच्या तोंडाकडं बघायचे. लातुरात एका फर्निचरवाल्याकडं गेलो. त्यानं कॅलेंडर पाहिलं आणि विचारलं, "वर सनमायका कोणता मारायचा?" उमरग्याला एक म्हातारे सुतार होते, त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या केलेल्या. आता त्यांच्या छपरात मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करत होता. म्हातारबुवांनी हात पुढं करून दाखवले. ते थरथरत होते. मग कुणीतरी एका ठेकेदाराला शेतावर घेऊन आलं. तो म्हणाला, "अण्णा, पडायची भीती वाटायली का? मी दुप्पट सळई टाकतो, रणगाडा गेला तरी हलणार न्हाई." अण्णा उठून विहिरीकडं चालू लागले. ते परत आले ते ठेकेदाराची गाडी दिसेनाशी झाल्यावर.

शेषेरावाचं नाव औशाच्या आत्यानं सांगितलं. निलंग्याकडचा माणूस. हातात कसब, आणि तोंडाचा पट्टा असा की, आत्याच्या शब्दांत, रंधा थांबला तरी तोंड थांबत नाही. त्यानं ते पान हातात घेतलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "हितं काय बर्फ पडायलाय?" मग पान उलटं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, डोळ्याजवळ नेलं.

"कोपऱ्यात खाचंत खाच बसवलीय," तो म्हणाला. "खिळा न्हाई. हुशार मानसं हायत." आणि पान परत न देता त्यानं ते आपल्या खिशात घातलं. "करतो."

तेव्हा कुठं तो शेतावर आला आणि मातीत चौकोन ओढून बसला. दारावर गाडं अडलं, ते तसंच सोडून आम्ही त्याला लाकूड दाखवायला नेलं.

आमच्या पडलेल्या घराचं सगळं सागवान अण्णांनी ढिगाऱ्यातून काढून शेतात आणून रचलं होतं. भूकंपानंतर लाकडाचे व्यापारी गिधाडांसारखे गावोगाव फिरत होते, पण अण्णांनी एक वासा विकला नाही. वर पत्रा, खाली दगड, वाळवी लागू नये म्हणून दरसाल तेल. शेषेरावानं वाकसाच्या पाठीनं एकेक खांब ठोकून पाहिला, कान लावून आवाज ऐकला. खांब एका बाजूला, तुळया दुसऱ्या बाजूला, छताच्या किलच्या तिसऱ्या. तोंड अर्थातच चालू होतं.

"आवं, पाच खणाचं आख्खं घर हाय की हितं! हाडं समदी जाग्यावर हायत, फकस्त उभं करायचं. भिंतीला तेवढे निलगिरीचे सरळ ओंडके आनू." मग तो थांबला आणि त्यानं ढिगाभोवती एक चक्कर मारली. "पर दार कुठाय? चौकट न्हाई, फळ्या न्हाईत. समदं हाय आन् दाराचंच काय दिसंना."

"सरणाला गेलं," अण्णा म्हणाले.

शेषेरावानं हातातला वाकस खाली ठेवला. त्या दिवसांत जळण पुरत नव्हतं, लोकांनी घरांच्या तुळया आणि दारं सरणावर घातली होती, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही होतं. आईसाठी आणि नवनाथसाठी काय जाळलं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही विचारलं.

निलगिरीचे ओंडके एका बागायतदाराच्या बांधावरून आले. शेषेरावानं बजावलं, "ही जात पिळती. ओली बसवली की भिंत नाचायला लागती. सावलीत वाळवा, आन् रोज कूस बदला." मग काय, अण्णांना नादच लागला. पहाटे उठून ते ओंडके उलटवायचे. लहान लेकराला कुशीवरून कुशीवर घ्यावं तसे. मी महिन्याआड येऊन बघायची. अण्णांची दाढी आठवड्याला होऊ लागली होती. एकदा मी पोचले तर ते ओंडक्यावर बसून शेषेरावाच्या कुठल्याशा चावट गोष्टीला खो खो हसत होते. मी बांधावरच थांबले. आई गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला तिथंच रडू फुटलं.

चैत्रात भिंती चढायला लागल्या. शेषेराव आणि त्याचे दोन भाऊबंद खाचेत खाच बसवत होते, जुन्या सागाचे खांब मधे उभे राहत होते. त्यातल्या एका खांबाला खाली, गुडघ्याच्या उंचीवर, नवनाथनं दगडानं ओरखडून काढलेला बैल होता. शेषेराव तो रंधणार होता, अण्णांनी त्याचा हात धरला. मी सातव्या महिन्यात माहेरपणाला म्हणून आले तेव्हा नव्या गावात एका चुलत चुलतीकडं उतरले होते आणि सकाळ झाली की शेतावर यायची. मग मीच दाराचा विषय काढला.

"अण्णा, मला दार पाहिजे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नसतं. शेक घ्यायचा, धुरी द्यायची, ती काय चव्हाट्यावर? कुत्री-मांजरं येतील लेकरापाशी."

अण्णांनी पागोट्याचा सोगा हातात घेतला आणि कितीतरी वेळ त्याला पीळ देत बसले. "एकच," शेवटी ते म्हणाले. "आन् आतूनच लागंल आसं. भाईरून कडी नगं."

"बरं बरं," शेषेराव पटाशीला धार लावत म्हणाला. तो जिंकला होता, पुढचं त्यानं कानावर घेतलंच नाही. "घर पाहावं बांधून म्हंतेत ते उगं न्हाई. निम्मं घर मालकाची समजूत काढन्यात जातं."

चौकट बसली त्या दिवशी मी तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला, शेषेरावाला मानाचं धोतर दिलं. तो ते डोक्याला गुंडाळून दिवसभर मिरवला. घर आता घरासारखं दिसत होतं. अण्णा एकदा आत जाऊन चारी भिंतींवरून हात फिरवून आले. मला वाटलं, झालं, जिंकले.

दोन दिवसांनी दार बसलं. अण्णा वैरण आणायला गेले होते. दुपारी भारा घेऊन ते परतले, आणि भारा डोक्यावर तसाच ठेवून दारासमोर उभे राहिले. बाहेरच्या अंगाला काळी कुळकुळीत नवी कडी आणि कोयंडा होता. शेषेरावानं ते जाणूनबुजून केलं नव्हतं. हाताची सवय. सुतार दार देतो तर कडीसकट देतो, नाहीतर घर बंद करून माणूस परगावी जाणार कसा?

अण्णांनी भारा खाली टाकला. पहार उचलली. आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी पहारेचं टोक कडीखाली घातलं आणि सगळं अंग टाकलं. पहिल्या झटक्याला फळीची ढलपी उडाली. दुसऱ्या झटक्याला कडी वाकली, आणि अण्णांच्या तळहाताची सालटं निघाली. ते थांबेनात. कडी तुटून पडली तरी ते कोयंड्यावर घाव घालत होते.

"माज्या हातच्या दाराला पहार लावली!" शेषेराव ओरडला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "चुकलं आसंल माजं, पर तोंड न्हाई का? म्हनायचं, काढ रं. बापजन्मात मला कुनी आसं केलं न्हाई. घ्या तुमचं घर आन् बसा तुमी." तो भिंतीच्या पलीकडं जाऊन हत्यारं पिशवीत भरायला लागला. एकेक हत्यार आपटत होता.

माझाही तोल गेला. "काय हे अण्णा? त्या माणसानं जीव ओतलाय. एका कडीसाठी? लोक म्हणतात ते खरंच आहे का, तुमचं डोकं..." पुढचं मी गिळलं.

अण्णांनी पहार टाकली आणि ते ओंडक्यावर बसले. तळहातातून रक्त येत होतं. मी पदर फाडून बांधायला लागले. माझ्याकडं न बघता ते बोलायला लागले.

"त्या दिशी गनपती बुडवून आल्तो. तुजी आई लई दमली हुती. नवनाथ तिच्या हातावरच झोपला. मला खळ्यावर जायचं हुतं, उडीद पडला हुता. रोज मी भाईर पडलो की ती उठायची आन् आतून कडी लावायची. त्या दिशी मी म्हनलं, कशाला उठवायचं. झोपली तर झोपू दे."

मी पट्टी बांधत होते.

"मी भाईरून कडी घातली."

मी पदराची आणखी एक पट्टी फाडली.

"आलो तवा भित्ताड समदं पडलं हुतं. खांब उभे हुते. चौकट उभी हुती. दार उभं हुतं, आन् कडी तशीच लावल्याली. ती दोगं..." अण्णांनी मातीत पडलेल्या तुटक्या कडीकडं बघितलं. "ती दोगं दाराच्या मागंच हुती, प्रयाग. दारापतोर आल्ती."

"अण्णा..."

"लोकं यायच्या आधी मी कडी काढली. कुनाला सांगितलं न्हाई. तुज्या आत्याला न्हाई, तुला न्हाई. सरनावर तेच दार घातलं."

मला काय वाटलं ते नीट सांगते. आधी राग आला. दाराला आतून धडका मारणारी आई मला दिसली, तिच्या कडेवरचा नवनाथ दिसला, आणि माझ्या हातातला तो रक्ताळलेला हात मी टाकून देणार होते. मग मला तो माणूस दिसला, बायकोची झोप मोडू नये म्हणून हलक्या हातानं कडी लावणारा. आवाज होऊ नये म्हणून त्यानं ती किती जपून लावली असेल. 'तुमची काय चूक अण्णा' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले, पण इतक्या वर्षांच्या त्या ओझ्यापुढं ते फारच हलके वाटले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि पोटातल्या लेकराची पर्वा न करता ऊर फुटेपर्यंत रडले. अण्णा बांधलेल्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत राहिले. ते स्वतः रडले नाहीत.

भिंतीपलीकडची आदळआपट केव्हाच थांबली होती. थोड्या वेळानं शेषेराव पिशवी घेऊन आला. तो गावाच्या वाटेला लागला नाही. दारासमोर मांडी घालून बसला, पकडीनं कोयंड्याचे उरलेले खिळे एकेक करून उपटले. भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्या. मग ढलपी उडालेली जागा रंधून सारखी केली, तीवर तेल चोळलं, आणि हात फिरवून पाहिला. दिवस मावळेपर्यंत तो काम करत होता आणि सगळ्या वेळात त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. जाताना त्यानं अण्णांपुढं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. वयानं तो अण्णांपेक्षा मोठा होता.

मला मुलगी झाली. उमरग्याच्या दवाखान्यातून आम्ही तिला सरळ शेतावरच्या घरात आणलं. आत्या भाकरतुकडा ओवाळायला आली होती. आत निलगिरीचा वास होता, शेगडी होती, नवी बाज होती माझ्यासाठी, आणि भिंतीला लागून मी मुद्दाम अण्णांसाठी दुसरी बाज टाकायला लावली होती. संध्याकाळी दिवा लागला. लेकराला धुरी दिली. जेवणं झाली. अण्णांनी नातीच्या टाळूवर ओठ टेकवले, मग त्यांनी ती दुसरी बाज उचलली आणि दारातून आडवी करून बाहेर काढली.

"अण्णा, बाज आत आणा."

"मी हितंच बरा हाय."

"तुम्ही कबूल केलं होतं."

"मी म्हनलो, घर तर हू दे."

"मग झालं की घर! कुणासाठी बांधलं हे सगळं? मी तर चार महिन्यांनी जाणार लातूरला. लाकडाचं आहे, काय पडायचं नाही. दाराला बाहेरून कडी नाही. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?" मी रागानं बोलत होते, पण माझा आवाज रडका झाला होता. एवढं सगळं मी ज्याच्यासाठी केलं ते माझ्या हातातून चाललं होतं.

अण्णांनी बाज दारासमोर टाकली. घोंगडी अंथरली. "मला आत कसली भीती न्हाई, बाई," ते म्हणाले. "पर कुनीतरी भाईर पायजे. आत मानसं आसली की कुनीतरी दाराच्या भाईर पायजे. त्या दिशी मी न्हवतो." मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दार लोटून घे. लेकराला वारं लागंल."

मी दार लोटलं. त्यानंतर मी त्यांना आत झोपा असं कधी म्हटलं नाही.

मी लातूरला परतल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. आत माणूस नसलं तरी सांजेला घर झाडायचे, दिवा लावायचे, आणि बाहेर येऊन दारासमोर आडवे व्हायचे. आम्ही दिवाळीला, उन्हाळ्याला गेलो की बाज तेवढी दाराच्या आणखी जवळ यायची. ओंडक्यांना भेगा पडल्या, शेषेराव वर्षाला एकदा येऊन त्या बुजवायचा आणि दिवसभर बडबडायचा. घर हललं नाही.

मागच्या माघात शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. अण्णा बाजेवर होते, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढलेली. झोपेतच गेले होते. भावकी जमली होती, अंगणात लिंबाखाली जागा शेणानं सारवून ठेवली होती.

"त्यांना आत घ्या," मी म्हणाले.

भावकीतले सगळ्यात वडीलधारे किसनतात्या पुढं आले. "न्हाई बाई. भाईर गेल्यालं मानूस घरात न्हेत न्हाईत. रीत न्हाई. आंगनातच समदं करायचं."

"मला माहीत आहे तात्या. तरी घ्या."

"घराला बाधक आसतं. उद्या तुज्याच लेकीबाळीला..."

"लेकीबाळीचं मी बघते. हे घर त्यांनी बांधलंय."

बायका कुजबुजायला लागल्या. पुरुष एकमेकांकडं बघत उभे राहिले, पुढं कुणी येईना. माझा नवरा एका बाजूला जाऊन बाजेच्या उशाकडं उभा राहिला, पण एकट्याचं काम नव्हतं ते. तेवढ्यात गर्दीतून शेषेराव आला. पार वाकला होता, काठी टेकत होता. त्यानं काठी लिंबाला लावून ठेवली आणि बाजेची पायथ्याकडची बाजू धरली.

"धरा," तो म्हणाला.

मग आणखी दोघं आले. दार अरुंद पडलं, बाज जरा कलती करावी लागली. माझी लेक, त्या घरात आणलेली पहिली, आता कॉलेजात जाते, तिनं दार उघडं धरून ठेवलं. मधल्या खणात बाज टेकवली. मी घोंगडी नीट केली आणि शेजारी जमिनीवर बसले. तात्या दारातूनच म्हणाले, लवकर आटपा.

पण औशाची आत्या यायची होती. तिला यायला दुपार झाली, तोवर अण्णा घरात होते.